लांजेवारांकडचा अनोळखी माणूस

आमच्या श्रीकृपा लेआउटमध्ये आता चोऱ्या होत नाहीत. हे सांगितलं की लोक हेव्याने बघतात आणि इथे एखादा प्लॉट मिळेल का म्हणून विचारतात. आमचाच घ्या, असं माझ्या जिभेवर येतं. पण घरात बाबा आहेत, म्हणून मी गप्प बसते.

नागपूरच्या दक्षिणेला, बेसाच्याही पुढे, शेतं मोडून जे लेआउट उगवले त्यातलं हे एक. पूर्वी इथे सगळं चोरीला जायचं. कूलरचा पंप जायचा, गच्चीवर वाळत घातलेल्या जीन्स जायच्या, एकदा तर बोरकरांच्या मुलाच्या लग्नाचा आचारी शोधत बसला आणि भाताचा भलामोठा गंज गायब. लोक वैतागायचे, चौकीदाराला चार शिव्या हासडायचे आणि जेवून झोपायचे. मग एका उन्हाळ्यात काळमेघ काकांच्या घरात चोर शिरले. काका जागे झाले, ओरडले, आणि चोरांनी त्यांच्या डोक्यात रॉड घातला. काकू शेजारच्या खोलीत तोंडात ओढणी कोंबून बसून होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. त्यानंतर आमच्या लेआउटमध्ये कुणाला धड झोप लागेना. मीसुद्धा उशाशी लाटणं घेऊन झोपायचे. हसायचं तर हसा, पण तेव्हा कुणी हसत नव्हतं.

काकांच्या तेरवीनंतर काकू लेआउटच्या अध्यक्ष झाल्या आणि त्यांनी 'पदरव' आणलं.

पदरव म्हणजे काय, ते कंपनीच्या सौमित्र नावाच्या इंजिनियरने हनुमान मंदिराच्या सभामंडपात समजावून सांगितलं. रस्त्याखाली इंटरनेटची काचेची तार होतीच. केसाएवढी बारीक काच, आणि तिच्यातून सतत धावणारे प्रकाशाचे ठोके. काच कितीही शुद्ध असली तरी तिच्यात सूक्ष्म दोष राहतात, आणि त्यांच्यावर आपटून थोडासा प्रकाश मागे फिरतो. वर कुणी पाऊल टाकलं की जमीन दबते, तार किंचित ताणली जाते आणि मागे फिरणाऱ्या प्रकाशाची लय बिघडते. ही बिघडलेली लय वाचता आली की अख्खी तार म्हणजे ओळीने लावलेले हजारो कान होतात. माणसाची उंची, वजन, गुडघ्याचं दुखणं, कंबरेचा झोल, सगळं त्या लयीत उतरतं. कॅमेऱ्यांवर तेव्हा नुकतीच बंदी आली होती, कारण चेहरा ही ज्याची त्याची खासगी बाब ठरली होती. पावलाबद्दल कायदा काहीच बोलत नव्हता.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसभर माणसांना चालताना बघणं हाच माझा धंदा. त्यामुळे पुढचा भाग मला फार पटला. माणूस सहज चालतो तेव्हा त्याच्या दोन पावलांमधला वेळ सारखा थोडाथोडा बदलत असतो. जो लपून चालतो तो पाऊल जपून टाकतो, टाच टेकवत नाही, आणि जपून टाकलेली पावलं एकसारखी पडतात. पदरव हा एकसारखेपणा पकडतं. म्हणजे चालणारा कोण आहे हे तर त्याला कळतंच, पण त्याच्या मनात लपवण्यासारखं काही आहे की नाही हेही कळतं.

"पंधरवडाभर सगळ्यांनी नेहमीसारखं वागायचं," सौमित्र म्हणाला. "बूट, चप्पल, सँडल, जे घालता ते घाला. पदरव तुम्हाला शिकून घेईल. नंतर रहिवाशांची नोंद कायमची बंद."

"बंद कशाला?" मी विचारलं.

"उघडी ठेवली तर चोरही रोज येऊन शिकवतील, मॅडम."

सगळे हसले. मला उत्तर बरोबर वाटलं. आजही वाटतं, हीच तर पंचाईत आहे.

तो पंधरवडा सुरू झाला त्याच दिवशी माझे मोठे काका भंडाऱ्याला वारले. तिथे स्मशानात माझा धाकटा भाऊ रोशन भेटला. त्याचं सांगायला हवं. कॉलेजात असताना रोशनने एका मित्राची मोटरसायकल चालवली होती, आणि मागे बसलेल्या मित्राने एका बाईच्या गळ्यातली चेन ओढली होती. रोशनला शिक्षा झाली. बाबा तेव्हा हेडमास्तर होते. मुलगा तुरुंगातून सुटून आला त्या दिवशी बाबांनी दार उघडलं नाही, ते नाहीच. रोशन उमरेडला गेला, इन्व्हर्टर-बॅटऱ्या दुरुस्त करायला शिकला, हाताला चटके बसेपर्यंत राबला. माझं त्याचं बोलणं होतं. बाबांचं नव्हतं. स्मशानात तो येऊन बाबांच्या पाया पडला आणि बाबा एकदम म्हणाले, "वाळला किती रे तू. घरी ये."

मी गाडीत तोंड फिरवून रडले. मला आयुष्यात एवढंच हवं होतं, की आई गेली तरी उरलेली तीन माणसं एका ताटाभोवती बसावीत.

रोशन आला. पोलिसांच्या यादीत त्याचं जुनं प्रकरण निघालं, तेव्हा बाबांनी स्वतः जबाबदारी घेतली आणि त्याची पावलं 'पाहुणा' म्हणून पदरवमध्ये चढली. आजूबाजूच्या बऱ्याच लेआउटमध्येही तोवर पदरव बसलं होतं, त्यामुळे एकदा नाव चढल्यावर त्याला सगळीकडे दुरुस्तीची कामं मिळू लागली. रात्री तो हॉलमध्ये पलंगावर झोपायचा. सकाळी बाबा त्याच्यासाठी पोहे करायचे. पोह्यांवर ओतायची तर्री मात्र तो कोपऱ्यावरून आणायचा, कारण बाबांच्या हाताला तिखटाचा अंदाज नाही.

आणि लेआउट खरोखर शांत झालं. लोक दारं उघडी टाकून मंदिरात जाऊ लागले. काळमेघ काकूंनी खिडकीवरची लोखंडी पट्टी काढली. चोऱ्या संपल्या, पण पदरवचं काम संपत नव्हतं. ते माणसं एकमेकांशी ताडून बघत होतं, आणि ताडून बघितलं की कुणीतरी सगळ्यात खाली राहणारच. आधी खाली चोर असायचे. आता लंगडणारी मोलकरीण असायची, नाहीतर बायको सोडून गेलेला आणि रस्त्याने रेंगाळणारा एखादा माणूस. फोनवर त्यांची सूचना यायची. लोक दारं लावून घ्यायचे.

एके सकाळी सूचना आली ती आमच्या घराची. लांजेवार यांच्या फाटकातून पहाटे अनोळखी व्यक्ती बाहेर पडली, कुंपणांच्या कडेने फिरली, काळमेघ यांच्या भिंतीशी थांबली, परत लांजेवार यांच्या फाटकात शिरली. संशय जास्त.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. चौकीदार शिट्टी फुंकत पोचायचा तोवर रस्ता रिकामा.

काकू आणि सौमित्र घरी आले. काकू चहाला नको म्हणाल्या.

"सर, मला वाईट वाटून राहिलं हे बोलताना," काकू बाबांना म्हणाल्या. "पण ते पाऊल नेमकं माझ्याच भिंतीशी येऊन थांबून राहिलं. मी रात्रभर बसून असते हो."

सौमित्रने टॅब पुढे केला. "पाऊल अनोळखी आहे. पण हाडांची ठेवण, पायाच्या लांबीला पावलाचं प्रमाण, हे रक्तातून येतं. रहिवासी सोडून नोंदीतल्या सगळ्यांत या पावलाच्या जवळची ठेवण रोशनची आहे. चप्पल काढून, मुद्दाम चाल बदलून कुणी चाललं, तर असं होऊ शकतं."

"रक्ताचंच म्हणता तर बाबांशी ताडून पाहिलं का?" मी म्हटलं.

"सरांची तर पंधरवडाभराची पक्की नोंद आहे, मॅडम; पाहुण्यांची कच्ची असते. सर असते तर थेट नावच आलं असतं."

"तेच तर," बाबा पटकन म्हणाले. "मी असतो तर माझं नाव आलं असतं."

रोशन दारात उभा होता. त्याने बाबांकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. "मी नाही गेलो कुठे," एवढंच म्हणाला.

"मग कोण गेलं?" बाबांचा आवाज शाळेतल्यासारखा चढला. "घरात तीन माणसं. दोघांना मशीन पक्कं ओळखते. उरलं कोण?"

रोशन बॅग काढायला वळला. मला त्याचा राग आला, खोटं कशाला बोलू. वाटलं, अरे भांड ना, ओरड ना. त्याने बॅग भरली. बाबा देवघरात जाऊन बसले ते तो जाईपर्यंत बाहेर आले नाहीत.

आणि तो गेला त्या दिवसापासून सूचना बंद झाल्या. एकही नाही. लेआउटला आणखी काय पुरावा हवा होता? बोरकर वहिनी मला म्हणाल्या, "तुझी तरी काय चूक, बाई. रक्तच तसं." रक्त माझंही तेच आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं नसावं.

पदरवचा संशय एका लेआउटपुरता राहत नाही. रोशनचा फोन आला. "काम नाही ताई. कोणत्याही फाटकाशी उभा राहिलो का लाल दिवा लागते. चौकीदार ओळखीचा असला तरी म्हणते, भाऊ, मी काय करू." उमरेडला परत जा म्हटलं, तर तिथलं दुकान त्याने इकडे येताना सोडून दिलं होतं.

मग अंगारकी आली. त्या पहाटे माझा फोन वाजला. लांजेवारांच्या फाटकातून अनोळखी व्यक्ती. मी ताडकन उठून हॉलमध्ये आले तर दार नुसतं लोटलेलं, आणि बाबा आत येत होते. नुकती आंघोळ झालेली, अंगावर पंचा, पाय अनवाणी, हातात पिशवी, आणि पिशवीत लाल जास्वंदीची फुलं.

आता बाबांचं सांगते. आमच्याकडे देवाला विकतची फुलं चालत नाहीत. म्हणजे बाबांना चालत नाहीत. पहाटे उठून दुसऱ्यांच्या कुंपणावरची फुलं तोडणं हा त्यांचा जन्माचा नेम. आणि एकट्या बाबांचा कशाला, अर्ध्या लेआउटचा आहे. रिटायर्ड इंजिनियर, बँक मॅनेजर, सगळे पिशव्या आणि आकड्या घेऊन निघायचे, आणि याला कुणी चोरी म्हणत नसे, कारण देवासाठी आहे ना. पण काळमेघ काकांनी लावलेल्या जास्वंदीला काका गेल्यावर कुणी हात लावलेला काकूंना सहन होईना. त्या लेआउटच्या सभेत रडल्या होत्या. तेव्हा बाबांनी उठून सगळ्यांसमोर शब्द दिला होता, की यापुढे एका पाकळीलाही हात लावणार नाही. मला वाटलं होतं, शब्द पाळला. मधेच देव्हाऱ्यात रोज लाल फुलं दिसू लागली, कुठली म्हणून विचारलं तर म्हणायचे, देवळामागच्या झाडाची; रोशन गेल्यापासून तीही दिसेनाशी झाली होती.

"बाबा, पदरव वाजलं आत्ता."

"माझ्यासाठी कशाला वाजेल?" ते म्हणाले. "पंधरवडाभर माझी पावलं शिकली त्याने."

मी त्यांच्या ओल्या पायांकडे बघत राहिले. देवाची फुलं चप्पल घालून तोडायची नाहीत. अनवाणी माणूस खडीवर चवड्यावर चालतो, टाच उचलून. त्यात चोरून तोडायची, म्हणजे पाऊल आणखी जपून. पदरव शिकत होतं त्या पंधरवड्यात हे बाबा कधी बाहेर पडलेच नव्हते. कसे पडतील? मोठ्या काकांचं सुतक होतं, ते फिटेपर्यंत पंधरवडाही सरला. देव झाकलेले होते, पूजा बंद होती, फुलं नकोत. तेवढे दिवस बाबा फक्त चपला घालून दुधाला गेले आणि बँकेत गेले. यंत्राला चपला घातलेले लांजेवार सर माहीत होते. पहाटेचे बाबा त्याने कधी बघितलेच नव्हते.

मी हे सगळं तिथेच, दारात उभ्या उभ्या त्यांना सांगितलं. बाबा पिशवी घट्ट धरून ऐकत होते.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"नव्हतं."

"बाबा, त्या भिंतीशी तुम्हीच उभे असायचे! आणि घरातून पोराला काढलं!"

"मला वाटलं, मी गेल्यावर तोही निघत असेल. मशीन खोटं कसं बोलेल?" त्यांनी पिशवी पाठीशी घेतली. "सगळ्यांसमोर शब्द दिला होता, प्रणाली. मी हेडमास्तर माणूस."

मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. मी त्यांचा हात धरला आणि तसंच काकूंकडे नेलं. बाबांनी सांगितलं, खरं ते सगळं. मान वर न करता सांगितलं, पण सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं, थोड्या रडल्या, आणि सौमित्रला बोलावलं.

सौमित्र भला मुलगा. तो म्हणाला, सोपं आहे. सरांनी आत्ता अनवाणी चालून दाखवायचं. पाऊल त्या नोंदीशी जुळलं की अनोळखी म्हणजे सर, आणि रोशनचं नाव मोकळं.

संध्याकाळी सगळे जमले. बाबा चपला काढून रस्त्यावर उतरले. दोन्ही बाजूंना माणसं, त्यांत त्यांचे जुने विद्यार्थीही. बाबा चालले. मी बघत होते आणि माझ्या धंद्यामुळे मला नको ते दिसत होतं. पाय ओढत होते, पावलं कुठे लांब पडत होती, कुठे आखूड, टाच प्रत्येक वेळी धपकन टेकत होती. चारचौघांत लाज निघालेला म्हातारा जसा चालेल तसे चालत होते.

टॅबवर उत्तर आलं. अनोळखी व्यक्ती. नवीन.

"म्हणजे आता दोन झाले?" गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

"पुन्हा बघू," सौमित्र म्हणाला. "पहाटे. नेहमीच्या वेळी, नेहमीसारखी फुलं तोडा."

काकूंनी पुढे येऊन बाबांचा हात धरला. "सर, खुशाल तोडा. यांनी तरी नाही म्हटलं असतं का? सगळं झाड तुमचं समजा." अगदी मनापासून म्हणाल्या त्या. तिथेच सगळं संपलं, पण हे आम्हाला सकाळी कळलं.

पहाटे बाबा गेले, अनवाणी, पंचा नेसून. काकूंनी खिडकीतून हात केला. बाबांनी फुलं तोडली. आणि पाऊल जुळलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्यानंतरही नाही.

"पदरव जे पकडतं ते लपवणं असतं," सौमित्र मला बाजूला घेऊन म्हणाला. "परवानगी मिळाल्यावर लपवायचं काय उरलं? सगळ्यांना माहीत असताना माणूस चोरून चालूच शकत नाही. तसं नाटक करता आलं असतं तर चोरांनीही उलटं नाटक केलं असतं, आणि मग या यंत्राला काही अर्थच नव्हता."

"पण तुला तर कळतंय ना, ते बाबाच होते?"

"मला कळून काय उपयोग, मॅडम? माझ्या म्हणण्यावर फाटक उघडत नाही."

अंगारकीला रोशन इथे नव्हता म्हटलं, तर लोक म्हणाले, तुम्हीच घरात लपवला असेल. काकू हात जोडून म्हणाल्या, "प्रणाली, मी तुझ्यावर विश्वास ठेवते. पण यांच्या वेळीही मी चौकीदारावर विश्वासच ठेवला होता गं."

बाबा त्या दिवसांत विचित्र झाले. आधी जेवेनात. मग हळूहळू टॅबवरचं उत्तर त्यांच्या बोलण्यात येऊ लागलं. "इतक्या वेळा चालून पाहिलं. एकदाही जुळलं नाही," असं भाजी निवडता निवडता म्हणायचे. रोशनला फोन करून माफी मागा, असं मी रोज सांगत होते. ते उद्या म्हणायचे.

पावसाळा संपता संपता रोशनला पकडलं. ज्यांच्याकडे पदरव नव्हतं अशा एका गोदामातून त्याने आणि दोन जुन्या मित्रांनी बॅटऱ्या उचलल्या होत्या. मी पोलीस ठाण्यात गेले. तो बाकावर बसला होता, दाढी वाढलेली, आणि मला बघून शरमेने हसला.

"खरंच केलं?" मी विचारलं.

"हाव. करून टाकलं. कुठे काम मिळून राहिलं होतं, ताई? हे दोघंच होते ज्यांनी दार उघडलं."

मी त्याला सगळं सांगितलं. फुलं, सुतक, चपला. त्याने मधेच हात वर केला.

"मला माहीत होतं. मी हॉलमध्येच झोपत होतो ना. रोज पहाटे कडी वाजे. डोळे उघडून पाहिलं तर बाबा, अनवाणी, हातात पिशवी."

"आणि बोलला काहून नाही तू?"

"काय बोलू? सगळ्यांसमोर बाबाला चोर म्हणू?" तो आपल्या पायांकडे बघत म्हणाला. "मला वाटलं, बाबाच सांगतील. त्या दिवशी नाही तर दुसऱ्या दिवशी. मी फाटकापासून सावकाश चालत गेलो ताई, हाक मारतील म्हणून."

शिपायाने वेळ झाली म्हणून सांगितलं.

घरी आले तर बातमी आधीच पोचली होती. काकू येऊन गेल्या होत्या. बाबा जेवणाच्या टेबलाशी ताठ बसले होते.

"चोरी खरी आहे?" त्यांनी विचारलं.

"हो."

"त्याने कबूल केलं?"

"केलं."

त्यांनी टेबलावरून हात फिरवला. मग त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरत गेलं. कित्येक महिन्यांत त्यांचा चेहरा मी इतका मोकळा बघितला नव्हता. मला त्याची भीतीच वाटली.

"म्हणजे मशीन बरोबर होतं," ते म्हणाले. "त्याला आधीच कळलं होतं." आणि मग अगदी हळू, लहान पोराने विचारावं तसं विचारलं, "म्हणजे तो मी नव्हतो. नव्हतो ना, प्रणाली?"

रोशनने रोज पहाटे काय पाहिलं होतं ते सांगायचं राहिलं होतं. एक वाक्य पुरलं असतं. समोर पंच्याहत्तरीचा माणूस होता, माझ्या तोंडाकडे टक लावून बसलेला, आणि घरात आता आम्ही दोघंच उरलो होतो.

"नव्हते, बाबा," मी म्हटलं. "तुम्ही नव्हते."

त्यांनी मान हलवली आणि ताट ओढून घेतलं. वरण गरम आहे का, विचारलं. बऱ्याच दिवसांनी त्यांनी भात दुसऱ्यांदा मागितला, आणि मी वाढला.